पाव सूत, पाऊण सूत

दिगू,

आपल्या मराठी मंडळाच्या पत्रकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला सांगितलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण आहे, हे ते चौकटीत वेगळं छापणार आहेत. तेव्हा ते माझं काम नाही. डॉक्टर काय म्हणाले तेही मी लिहिणार नाही. गेल्या अठरा दिवसांत मी ते इतक्यांदा सांगितलंय की आता ते दुसऱ्याच कोणाबद्दलचं वाटायला लागलंय. मला तुझ्याशी भांडायचं आहे. तू होतास तेव्हा ते कधी जमलं नाही. मी भांडायचो आणि तू "हौ दाजी" म्हणून मोकळा व्हायचास. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, पण चौदा वर्षं मी एका हातानेच वाजवत होतो.

आधी कबूल करून टाकतो. मी तुझ्यावर जळायचो. सख्ख्या मेहुण्यावर, तोही माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तू मला दाजी म्हणायचास, वाकून नमस्कार करायचास, पहिली भाकरी माझ्या पानात वाढायला लावायचास, आणि तेवढा वेळ मी आतून धुमसत असायचो. हे सुमनला माहीत होतं की नाही, मला माहीत नाही. आता ती वाचेल तेव्हा कळेलच.

सुरुवात माझ्या लग्नातच झाली. हैदराबादेतल्या अंबरपेठेत वरात निघाली, फुलांनी मढवलेली भाड्याची गाडी, आत मी आणि सुमन, पुढे बँड, आणि चौकात गाडी बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून चाकाकडे बघत उभा राहिला. तू पुढून आलास, रेशमी सदऱ्यात, गळ्यात कुणाचा तरी हार. बॉनेट उघडलंस, ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलंस आणि मान तिरपी करून नुसतं ऐकलंस. "पॉइंट चिकटलेत," म्हणालास. काडेपेटीच्या खरखरीत बाजूने काहीतरी घासलंस आणि गाडी सुरू झाली. बँडवाल्यांनी तुझ्यासाठी वाजवलं. पोरांनी तुला उचललं. नवरदेव मी, पुण्याहून इंजिनिअरिंगची पदवी घेऊन आलेला, सरकारी कारखान्यात नोकरीला असलेला, आणि वरात तुझ्याभोवती. मी शेजारी बघितलं, सुमन तुझ्याकडे बघून हसत होती. मुंडावळ्यांच्या आडून ते हसू मला पहिल्यांदा दिसलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

तसं हसू मला पुढे मिळालं नाही असं नाही. पण माझ्याशी ती पुस्तकातली मराठी बोलायची. तू आलास की तुम्ही दोघं "अय्यो, कायकू रे" करत उर्दू, तेलुगू, मराठी असं काय काय कालवायचात, आणि मी हसायला एक वाक्य उशिरा पोचायचो. अनूचंही तेच. तिला अक्षरं मी शिकवली, पाढे मी शिकवले. तू तिला जिभेखाली बोट घालून शिटी मारायला शिकवलंस. शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' लिहायला सांगितलं तर तिने काय लिहिलं असेल? मी निबंधातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि वही परत दिली.

आणि तुमच्या घरात माझ्यावर सूड उगवायची सोय नव्हती, कारण तुमच्या घरात मी जावई होतो. आईंचा नियम होता, जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. मी एकदा पानातल्या अंबाडीच्या भाजीला चुका म्हणालो. आई म्हणाल्या, "हो, चुकाच." तू म्हणालास, "फार छान झालाय चुका." त्या दिवशी सगळं घर अंबाडी चुका म्हणून जेवलं. रात्री सुमनने मला खरं सांगितलं तेव्हा मला हसू यायला हवं होतं. मला राग आला. ज्या घरात आपण कधी चुकतच नाही तिथे बरोबर तरी कसं यायचं, सांग?

मग ती गाडी आली.

बाजार उघडला ती वर्षं. गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, बँका माणसाला घरी बोलावून गाडीसाठी कर्ज देत होत्या. पुराण्या हैदराबादेतल्या एका देवडीच्या, म्हणजे जुन्या नवाबी वाड्याच्या, आवारात ती दोन सीटांची विलायती गाडी कित्येक वर्षं उभी होती. गडद हिरवी, टप फाटलेली, जमिनीला इतकी टेकलेली की बसायचं म्हणजे पाट मांडून बसल्यासारखं. सीटवर कोंबडी अंडी घालायची. मालकाच्या मुलांनी नवी छोटी गाडी घेतली, तिला जागा हवी होती, म्हणून ही निघाली. तू बेगम बाजारातलं सुतळी-बारदानाचं दुकान दुपारी बंद करून टेम्पोला बांधून ती अंबरपेठेत आणलीस. अफझलगंजच्या मेकॅनिक लोकांनी तिचं नाव 'चप्पल' ठेवलं. चार महिन्यांत तू तिला चालती केलीस. चालायची, पण चढावर धापा टाकायची.

त्याच वर्षांत माझ्या कारखान्यात काय चाललं होतं ते मी घरी नीट कोणाला सांगितलं नव्हतं. आम्ही जे पंप बनवायचो ते बाहेरून स्वस्तात यायला लागले होते. ऑर्डरी आटल्या. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात सकाळी पेन्सिलींना टोकं काढायची, दुपारी पुन्हा काढायची, एवढंच काम. स्वेच्छानिवृत्तीचं परिपत्रक फिरलं, आणि त्यावर सही करायला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागला. मीटिंगमध्ये मी काही बोललो की साहेब घड्याळ बघायचे. चाळिशीच्या आत माझी सगळी विद्या शिळी झाली होती.

अशा एका रविवारी तू आलास. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोललास आणि मग म्हणालास, "दाजी, चप्पलच्या इंजिनाचे थोडे घोडे वाढवायचेत. पैसे नाहीत. तुमचं डोकं होना." तुझ्या बोलीत होना म्हणजे हवं.

दिगू, त्या दिवशी मला किती आनंद झाला ते मी तुला कधी सांगितलं नाही. चेहरा गंभीर ठेवून मी म्हणालो, "बघू, वेळ मिळाला तर." मला वेळच वेळ होता.

ते वर्ष आपलं फार सुंदर गेलं. मत्सर बाजूला ठेवूनही हे म्हणवतं. नवा एकही भाग घ्यायचा नाही, असं ठरलं होतं. सगळ्यात स्वस्त घोडे म्हणजे वजन काढणं, असं मी सांगितलं आणि आपण जादा चाक काढलं, पुढचे-मागचे बंपर काढले, फाटक्या टपाचा सांगाडा काढला. सुमन म्हणाली, "तुम्ही स्वतः उतरा, दोन घोडे आपोआप वाढतील." तू हसला नाहीस. जावयावर हसायचं नसतं. दाराआड जाऊन हसलास, आणि ते मला ऐकू आलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त जायला हवं होतं, म्हणून त्याच्या पितळी जेटचं भोक मोठं करायचं होतं. तू तो तुकडा सोनाराकडे नेलास. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, तू कार्बोरेटर टोचून आणलास, आणि भोक केसाइतकंही वाकडं नव्हतं. हवा आत जाते त्या वाटा आतून गुळगुळीत करायच्या होत्या. काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आपण दोघं अंगणात बसून घासायचो, आठ रविवार, समोरासमोर, गहू निवडायला बसल्यासारखे. मध्येच तू बोट आत घालून डोळे मिटायचास आणि म्हणायचास, "अजून इथे जरा खर आहे दाजी." मी बोट घालायचो. मला काही लागायचं नाही. मी म्हणायचो, "हो, आहे खरी."

माझं बोट बधिर होतं आणि कान बहिरा होता. मला आकडे यायचे. तेवढंच माझं होतं.

म्हणून हेडचं काम मी स्वतःकडे घेतलं. इंजिनाच्या डोक्यावर जे लोखंडी झाकण असतं त्याचा तळ घासून पातळ केला की आतली जागा कमी होते, पेट्रोल आणि हवा जास्त आवळली जाते, स्फोट जोरात होतो. फुकटचे घोडे. किती घासायचं, तो प्रश्न. मला त्या गाडीची इंग्लंडात छापलेली जुनी पुस्तिका मिळाली होती. त्यात लिहिलं होतं, तीन बत्तिसांश इंच. मी दोन रात्री गणित मांडलं आणि तेच उत्तर आलं. तू एकदाच तोंड उघडलंस. म्हणालास, "दाजी, पुस्तक विलायतेचं आहे, पेट्रोल अंबरपेठेचं." मी तुला पंधरा मिनिटं समजावलं. विज्ञानाला अंबरपेठ आणि विलायत वेगळी नसते, असं काहीतरी बोललो. तू शेवटी मान हलवलीस. "हौ दाजी. तुमी म्हणता तसं."

अफझलगंजात गफूरभाईंच्या मशीनवर हेड घासायचं होतं. तिथे मिलिमीटर चालत नाही, सूत चालतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन बत्तिसांश म्हणजे बरोबर पाऊण सूत. मी ऐटीत चिठ्ठी लिहिली, "हेड पाऊण सूत घासणे," खाली सही केली, आणि तुझ्या हातात दिली, कारण गफूरभाईंना उर्दू वाचता येतं, मराठी नाही. तू वाचून दाखवणार होतास.

बंजारा हिल्सच्या चढावर जुन्या गाड्यावाल्यांनी एका रविवारी सकाळी शर्यत ठेवली होती. एकेकाने चढ चढायचा, वर घड्याळ. तू चालवणार होतास. कारखान्यातलं घड्याळ घेऊन मी वर उभा होतो, सुमन आणि पाच वर्षांची अनू शेजारी. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज वर आला. मला इंजिनाच्या आवाजातलं काही कळत नाही, पण तो आवाज एकसंध होता, एवढं मलाही कळलं. मग वळणातून तू आलास, केस मागे उडालेले, दात दिसत होते. तुला आणखी केस कशाला हवे होते, असं माझ्या मनात आलं. त्या वयात माझे गेलेच होते.

पहिला आला तो एका बिल्डरचा मुलगा. त्याने जुन्या गाडीच्या पोटात नवं जपानी इंजिन घातलं होतं, आयात खुली झाल्यावर आणलेलं. तू त्याच्यामागे दीड सेकंदाने, बाकी सगळ्यांच्या पुढे. पण गर्दी कोणाभोवती झाली? त्याच्याजवळ त्याचा ड्रायव्हर तेवढा उभा होता. तुझ्याभोवती सगळे. अनू बॉनेटवर चढून ओरडत होती, "मामा जिंकला!" मी म्हणालो, "दुसरा आलाय तो." सुमन म्हणाली, "दिसतंय मला."

आता खरं सांगतो. तू पहिला आला नाहीस याचं मला बरं वाटलं, आणि माझी गाडी पहिली आली नाही याचं वाईट वाटलं. गाडी एकच होती.

पुढच्याच रविवारी मी हेड उघडायला लावलं. कारखान्यातून व्हर्निअर आणला होता. घासण्याआधीची जाडी माझ्या वहीत होती, आताची मोजली. फक्त पाव सूत कमी झालं होतं. मी तीनदा मोजलं. मग चिठ्ठी कुठे आहे विचारलं. तू दोन्ही हातांनी कान धरलेस, आईंसमोर, सुमनसमोर.

"चुकलं दाजी. वाचताना गडबड झाली. पाऊणचं पाव झालं. आमची मराठी घरापुरती, वाचायची सवय नाही."

मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! दीड सेकंद का गेला ते कळलं होतं, आणि माझ्यामुळे गेला नव्हता. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तू चुकला होतास! ज्याचं बोट चुकत नाही, कान चुकत नाही, तो दिगू पुण्यातल्या तिसरीच्या पोराला येईल असा शब्द वाचताना चुकला होता. मी तुला तिथल्या तिथे म्हणालो, "अरे, पाऊण म्हणजे पाव नव्हे. यापुढे मी तुला चित्र काढून देत जाईन." सगळे हसले. तूही हसलास. पुन्हा घासून घेऊ या म्हणालो तर म्हणालास, "राहू द्या दाजी, आता शर्यत कुठे आहे." आणि हेड परत बसवून गाडी ताडपत्रीखाली ठेवलीस ती कायमची.

त्यानंतर आठ वर्षं ती गोष्ट मी सांगितली. बारशाला सांगितली, डोहाळजेवणाला सांगितली, पुण्याहून कोणी आलं की स्टेशनावरून घरी येईपर्यंत सांगितली. 'पाव-पाऊण' म्हटलं की लोक आधीच हसायला लागायचे. शेवटी मी नेहमी म्हणायचो, "पाऊण असतं तर पहिले आलो असतो." तू तिथे असलास तर बरोबर त्या ठिकाणी कान धरायचास. कारखान्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या संध्याकाळी तू पेढे घेऊन आलास आणि स्वतःच म्हणालास, "दाजी, ती पाव-पाऊणची सांगा ना." मी सांगितली. मला बरं वाटलं. तुझी एवढी एकच चूक माझ्याकडे होती, दिगू. मी ती दुभत्या गाईसारखी सांभाळली.

आणि तू गेल्यावर नवव्या दिवशी गफूरभाई आले.

आईंजवळ ते बराच वेळ बसले. निघताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. अंगणात गाडी उभी होती, ताडपत्रीखाली. त्यांनी ताडपत्रीवर हात ठेवला आणि म्हणाले, "साब, एक बात दिल में थी. दिगूसेठ मना किए थे. अब वो नै रहे तो बोलताऊँ. वो चप्पल का हेड याद है?"

मी म्हणालो, कसं विसरेन.

"आप चिट्ठी में पाऊन लिखे थे. दिगूसेठ पाऊनइच पढे. फिर चिट्ठी जेब में रखके बोले, गफूरभाई, तुम पाव उतारो. मैं बोला, कायकू मियाँ? बोले, अपने पेट्रोल पे पाऊन चलता नै, पिस्टन में सुराख पड जाता. सच्ची बोले साब. सिकंदराबाद के एक साब वैसाइच पाऊन उतरवाए थे, दो महीने में इंजिन बैठ गया."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

"मैं बी वोइच पूछा. बोलो ना दाजी साबकू, बोलके. तो बोले, नक्को. कारखाने में आजकल उनका कोई सुनता नै. इधर तो सुनने दो. पकडे गए तो बोल देतूँ, मेरेकू मराठी पढना आता नै बोलके."

गफूरभाईंना वाटलं, मला बरं वाटेल. मेलेल्या माणसाचं एक चांगलं कृत्य त्यांनी माझ्या हातात ठेवलं होतं. ते रिक्षात बसून गेले आणि मी फाटक लावायचं विसरून तिथेच उभा राहिलो.

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहितो, कारण हे पत्र तुला आहे, मंडळाला नाही. मला दुःख झालं नाही. मला संताप आला. कारखान्याचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. सुमनलाही अर्धंच. तुला कसं कळलं? दूरवरून इंजिन ऐकून आत काय बिघडलंय ते सांगायचास, तसंच माझं ऐकलंस ना? आणि वर माझ्या हातात एक खोटी चूक दिलीस खेळायला, रडणाऱ्या पोराच्या हातात किल्ल्या द्याव्यात तशी. मी आठ वर्षं ती वाजवत बसलो. तुझं बोट माझ्याहून शहाणं होतं, कान शहाणा होता, हे मी कसंबसं गिळलं होतं. मन पण मोठं निघालं. मग माझ्याकडे राहिलं काय रे?

त्या रात्री मी जुनी वही काढली आणि गणित पुन्हा मांडलं, या वेळी आपलं हलकं पेट्रोल धरून. उत्तर पाव सूत आलं नाही. त्याच्या किंचित वर आलं. पण पाऊणच्या कितीतरी खाली. शर्यतीच्या जोरात माझ्या आकड्याने ते इंजिन दुसऱ्या वळणावरच फुटलं असतं, तू आत असताना, अनू वर उभी असताना. मग मात्र मला दुःख झालं. वही मिटून मी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. सुमन उठून आली आणि काही न विचारता चहा ठेवला. भावाच्या आठवणीने मला झोप येत नाही, असं तिला वाटलं असेल. खोटं नव्हतं.

तेराव्याला गोडाचं जेवण झालं. पानं उठली, माणसं पुढच्या खोलीत टेकून बसली, आणि तुझा तो निजामाबादचा चुलतभाऊ म्हणाला, "दाजी, दिगूची पाव-पाऊणची सांगा. त्याला आवडायची." आईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हो, सांगा." सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. काहींनी हसण्याची तयारीही केली होती.

मी उभा राहिलो. उभं राहायची गरज नव्हती. म्हणालो, "ती गोष्ट मी आजवर चुकीची सांगितली. दिगू चुकला नव्हता. त्याने पाऊण नीट वाचलं होतं. आकडा माझा चुकला होता. त्याने तो मुद्दाम पाव केला, गाडी वाचवली, आणि मला कमीपणा नको म्हणून चूक स्वतःवर घेतली."

कोणी हसलं नाही. मग निजामाबादचा तो उठला, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "दाजी, माणूस गेल्यावर त्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणारा जावई मी नाही पाहिला." मी म्हणालो, "अहो, तसं नाही, खरंच." तो आणखी गहिवरला. आई म्हणाल्या, "माझ्या लेकराचं नाव राखलंत तुम्ही." तुझी बायको विजया पदर तोंडाला लावून आत गेली. मी गफूरभाईंचं नाव सांगितलं, पिस्टनचं सांगितलं, वहीतलं गणित सांगायला लागलो. कोणी तरी म्हणालं, "बसा दाजी, तुम्हाला त्रास होतोय." मी जितकं खरं बोलत गेलो तितका मी थोर होत गेलो.

घरी येताना रिक्षात अनू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. एरवी ती खिडकीकडे बसते. सुमनने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "आज तुम्ही जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही." मी म्हणालो, "सुमन, मी खरं सांगत होतो." ती म्हणाली, "हो, माहीत आहे मला," आणि माझ्याकडे बघून हसली. वरातीत तुझ्याकडे बघून हसली होती तशी. चौदा वर्षं मी त्या हसण्याची वाट बघत होतो, दिगू. मिळालं, आणि तेही तुझंच होतं.

मी अजून प्रयत्न करतोय. कालच फोनवर पुण्याच्या भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, तू फार मनाला लावून घेतोस. आता हे लिहून देतोय. मंडळाचे लोक छापतील, आणि वाचून म्हणतील, बघा, जावयाने किती मोठेपणाने लिहिलंय. तुमच्या घरात माझा शब्द कधी कोणी खाली पडू दिला नाही. तू तर कधीच नाही.

एकदाच ये रे. आईंसमोर, सुमनसमोर उभा राहा आणि सांग, दाजी चुकले होते. माझं कोणी ऐकत नाही.